लेसोथो – दक्षिण आफ्रिका पाणी करार: ५६-४४ ची वाटणी नेमकी कशी चालते?

खोरेकर

कृष्णा-गोदावरीच्या धाग्यांवर पाणीवाटप म्हटलं की चर्चा थेट टीएमसीवर (अब्ज घनफुटांवर) येते. कुणाला किती टीएमसी, वरच्यानं किती अडवलं, खालच्याला किती पोचलं. लेसोथो आणि दक्षिण आफ्रिका यांनी १९८६ मध्ये वेगळी वाट धरली. त्यांनी आधी बचत वाटली आणि पाण्याचे आकडे तिच्यामागून ठरवले. शेजारी देशांच्या विकास सहकार्यात हे उदाहरण मला सगळ्यात अभ्यासण्यासारखं वाटतं, म्हणून हा स्वतंत्र धागा.

आधी भूगोल. लेसोथो ३०,३५५ चौरस किमीचा देश, चहूबाजूंनी दक्षिण आफ्रिकेनं वेढलेला. त्याचं सगळ्यात सखल ठिकाणही सुमारे १,४०० मीटरवर आहे. डोंगराळ भागात पाऊस चांगला, बर्फही पडतो. तिथून निघणारी सेन्कू नदी दक्षिण आफ्रिकेत शिरली की ऑरेंज होते आणि पश्चिमेला अटलांटिककडे जाते. दुसरीकडे जोहान्सबर्गचा सोन्याच्या खाणींचा पट्टा नेमका जलविभाजकावर, म्हणजे दोन खोऱ्यांना वेगळं करणाऱ्या उंचवट्यावर वसलेला. जवळ मोठी नदी नाही, सगळी भिस्त व्हाल नदीवर. सेन्कूचं पाणी उत्तरेला वळवून व्हालमध्ये टाकायचं, एवढीच मूळ कल्पना.

पहिल्या टप्प्यात झालं ते असं:

काट्से धरण: मालिबामात्सो नदीवर, काँक्रीटचं दुहेरी वक्रतेचं कमानी धरण, उंची १८५ मीटर, साठा १,९५० दलघमी (दशलक्ष घनमीटर; सुमारे ६९ टीएमसी. कोयनेचा १०५ आहे).
मोहाले धरण: सेन्कुन्याने नदीवर, दगडी भरावाचं आणि दर्शनी बाजूला काँक्रीटचं, १४५ मीटर, ९४७ दलघमी.
मुएला: भूमिगत वीजघर, ७२ मेगावॅट. त्याच्या पायथ्याशी ५५ मीटरचं छोटं धरण.

पाण्याचा प्रवास: मोहाले ते काट्से ३२ किमी बोगदा, काट्से ते मुएला ४५ किमी, मुएलाहून सीमेखालून ३७ किमी, आणि क्लॅरेन्स गावाजवळ ॲश नदीत बाहेर. पुढे लीबेनबर्गस्फ्लेई, विल्गे आणि शेवटी व्हाल धरण. काट्सेपासून व्हालपर्यंत कुठंही पंप नाही, सगळं उतारानं. व्हालपासून शहरांकडे मात्र रँड वॉटर ही संस्था पाणी उपसून चढवते.

जानेवारी १९९८ पासून पाणी वाहतंय. पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला ७८० दलघमी, म्हणजे साडेसत्तावीस टीएमसी. सरासरी प्रवाह २४.७ घनमीटर प्रतिसेकंद, आपल्या भाषेत सुमारे ८७० क्युसेक (घनफूट प्रतिसेकंद).

करार २४ ऑक्टोबर १९८६ रोजी लेसोथोच्या राजधानीत, मासेरूला झाला. त्याचा गाभा दोन वाक्यांत मावतो. पाणी पोचवण्यासाठी जे बांधावं लागेल त्याचा सगळा खर्च दक्षिण आफ्रिकेचा, मग ते बांधकाम लेसोथोच्या हद्दीत का असेना; वीजनिर्मितीचा खर्च लेसोथोचा. आणि या योजनेमुळे जी निव्वळ बचत होईल तिचे ५६ टक्के लेसोथोला, ४४ टक्के दक्षिण आफ्रिकेला.

नवखी_वाचक

छान मांडलंय. दोन प्रश्न. बचत म्हणजे कशाच्या तुलनेत? आणि धरणांचा सगळा खर्च दक्षिण आफ्रिकाच करणार असेल, तर वर रॉयल्टी देण्यात त्यांना काय परवडतं?

हिशेबनीस

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे.

करार झाला नसता तर दक्षिण आफ्रिकेनं काय केलं असतं? सेन्कूचं पाणी आपोआप ऑरेंज नदीतून त्यांच्या हद्दीत येतंच होतं. ते तिथं अडवून, उपसा करून व्हालच्या खोऱ्यात चढवता आलं असतं. या योजनेला ऑरेंज-व्हाल वहन योजना म्हणत. करारात ही न बांधलेली योजनाच मोजपट्टी म्हणून घेतली. तिचा कमीत कमी खर्च वजा लेसोथोमार्गे येणारा खर्च, ही निव्वळ बचत. पाणी तेच, फक्त उंचावरच वळवलं की उपसा वाचतो. लेसोथो विकतो ती उंची, असं म्हटलं तरी चालेल. दक्षिण आफ्रिकेला ५६ टक्के देऊनही ४४ टक्के बचत उरते.

रॉयल्टीचे दोन भाग आहेत.

स्थिर भाग भांडवली खर्चातल्या बचतीवरचा. तो ५० वर्षांत विभागून दर महिन्याला देतात. पाणी कमी गेलं, जास्त गेलं, याचा त्यावर परिणाम नाही.

बदलता भाग प्रत्येक घनमीटरमागे. यात न लागलेली उपशाची वीज आणि वाचलेला देखभाल खर्च येतो. विजेचा घटक विजेच्या दराबरोबर हलतो, देखभालीचा घटक उत्पादक किंमत निर्देशांकाबरोबर.

उपशाच्या विजेचा अंदाज हवा असेल तर आकडेमोड सोपी आहे. एक घनमीटर पाणी १०० मीटर चढवायला सैद्धांतिक ०.२७ युनिट लागतं. पंप, मोटर, नळातलं घर्षण धरून कार्यक्षमता ८० टक्के घेतली तर ०.३४. समजा एकूण चढ ३०० मीटर आहे (हा आकडा निव्वळ उदाहरणापुरता). मग घनमीटरला एक युनिट, आणि ७८० दलघमीला वर्षाला सुमारे ८० कोटी युनिट. दक्षिण आफ्रिकेतली वीज २००८ नंतर झपाट्यानं महागली आणि भारनियमन सुरू झालं, तेव्हा न लागणाऱ्या या विजेची किंमत आपोआप वाढली. १९८६ मध्ये सूत्र ठरवताना रकमेऐवजी निर्देशांक बांधला, ही माझ्या मते या करारातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट. ठरावीक रक्कम लिहिली असती तर दहा वर्षांत भांडण झालं असतं.

खोरेकर

@हिशेबनीस, नेमकं. यात एक अडचणही आहे, ती नोंदवून ठेवतो. मोजपट्टी म्हणून घेतलेली योजना कधीच बांधली गेली नाही, त्यामुळे तिचा खर्च कायम कागदावरचाच. व्याजदर, विनिमय, बांधकामाची किंमत यातलं एक गृहीतक हललं की बचत हलते. नव्या टप्प्यासाठी आकडे पुन्हा मांडताना दोन्ही बाजूंचे तज्ज्ञ सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवतात.

सीमापार

आकडे समजले, पण हा करार झाला कसा हेही सांगायला हवं. ते सांगितल्याशिवाय याला आदर्श म्हणवत नाही.

बोलणी पन्नासच्या दशकापासून निघत आणि मोडत होती, मुख्यतः किमतीवरून. लेसोथो १९६६ मध्ये स्वतंत्र झाला. ऐंशीच्या दशकात पंतप्रधान लेआबुआ जोनाथन यांचं वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेशी बिनसलं, कारण वर्णभेदाविरुद्ध लढणाऱ्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या निर्वासितांना लेसोथोत आसरा मिळत होता. १ जानेवारी १९८६ ला दक्षिण आफ्रिकेनं सीमा आवळली. ज्या देशाला दुसरी सीमाच नाही, त्याचं इंधन आणि धान्य थांबलं. २० जानेवारीला मेजर जनरल जस्टिन लेखान्या यांनी सत्ता घेतली आणि नऊ महिन्यांत पाणी करारावर सह्या झाल्या. म्हणजे वाटणीचं सूत्र न्याय्य असेल, सही मात्र नाकेबंदीच्या सावलीत झाली. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत.

पुढची अडचण पैशाची. दक्षिण आफ्रिकेवर निर्बंध होते, जागतिक बँक तिला थेट कर्ज देऊ शकत नव्हती. म्हणून कर्जदार लेसोथो झाला आणि परतफेडीची दक्षिण आफ्रिकेची रक्कम लंडनमधल्या एका न्यासामार्फत फिरवली गेली. १९९१ मध्ये बँकेनं ११ कोटी डॉलर दिले. रक्कम एकूण खर्चात लहान होती, पण तिच्यामुळे बाकीचे सावकार आले.

१९९४ नंतर दक्षिण आफ्रिकेत लोकशाही सरकार आलं. जुन्या राजवटीचा करार त्यांना फेकता आला असता. त्यांनी तो ठेवला आणि यंत्रणा सुधारली. आज तीन संस्था आहेत, त्यांच्यात नवखे वाचक गोंधळतात:

एलएचडीए (लेसोथो हायलँड्स डेव्हलपमेंट ऑथॉरिटी) लेसोथोच्या हद्दीतली धरणं, बोगदे, पुनर्वसन पाहते. टीसीटीए (ट्रान्स-कॅलेडन टनेल ऑथॉरिटी) दक्षिण आफ्रिकेच्या हद्दीतला बोगदा सांभाळते आणि तिथल्या बाजूचं कर्ज उभारते. दोघांवर संयुक्त आयोग, प्रत्येक देशाचे तीन प्रतिनिधी. १९९९ च्या सहाव्या प्रोटोकॉलनं (मूळ कराराच्या पुरवणीनं) आधीच्या कायम संयुक्त तांत्रिक आयोगाचं रूपांतर आजच्या आयोगात केलं. वाद आधी आयोगात, तिथं नाही मिटला तर सरकारांच्या वाटाघाटीत, आणि तरीही नाही तर लवादाकडे.

आणि सप्टेंबर १९९८ विसरू नये. निवडणुकीनंतर लेसोथोत असंतोष पेटला, पंतप्रधान पाकालिथा मोसिसिली यांच्या सरकारनं प्रादेशिक संघटना साडेककडे मदत मागितली, आणि २२ सप्टेंबरला दक्षिण आफ्रिकेचं सैन्य आत आलं. पहिल्या लक्ष्यांपैकी एक काट्से धरणाचं ठाणं होतं. तिथं लेसोथोचे सैनिक मारले गेले. पाणी सुरू होऊन नऊ महिनेही झाले नव्हते. बासोथो (लेसोथोच्या) लोकांच्या मनात हा प्रसंग अजून आहे, आणि दोन देशांच्या पाणी सहकार्याविषयी लिहिताना तो गाळणं चुकीचं.

नवखी_वाचक

हे माहीत नव्हतं. रॉयल्टी हेच लेसोथोचं मुख्य उत्पन्न का?

हिशेबनीस

नाही. दक्षिण आफ्रिकी सीमाशुल्क संघातून (१९१० पासूनचा) मिळणारा वाटा अनेक वर्षं रॉयल्टीच्या कितीतरी पट राहिला आहे. पण तो वाटा सदस्य देशांच्या आयातीवर अवलंबून असल्यानं फार वरखाली होतो. रॉयल्टी त्या मानानं स्थिर, म्हणून अंदाजपत्रकात तिचं वजन रकमेपेक्षा जास्त. लेसोथोचं चलन लोटी रँडशी एकास एक बांधलेलं आहे, त्यामुळे विनिमयाचा धोका उरत नाही.

गारगोटी

बोगद्यांविषयी लिहितो, कारण इथल्या वाचकांना तो खडक ओळखीचा आहे.

लेसोथोचे डोंगर बेसाल्टचे. आपल्या दख्खनच्या लाव्ह्यापेक्षा खूप जुने, सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीचे (दख्खन साडेसहा कोटी). थरांची रचना मात्र तशीच: एक घट्ट थर, त्यावर पोकळ्यांचा थर, आणि पोकळ्यांत झिओलाइट व चिकणखनिजं भरलेली. सह्याद्रीत ज्यांनी बोगदा पाहिलाय त्यांना पुढचं सांगायला नको. असा खडक खोदताना ठणठणीत दिसतो. उघडा पडून ओला-सुका झाला की चिकणखनिजं फुगतात, पृष्ठभाग भुसभुशीत होऊन खपल्या पडतात.

काट्से-मुएला बोगद्याचा मोठा भाग अस्तराविना ठेवायचा मूळ बेत होता. यंत्रानं खोदलेला गोल बोगदा, बेसाल्ट मजबूत, मग काँक्रीट कशाला, असा विचार. खोदाई चालू असतानाच खपल्या दिसू लागल्या आणि पूर्ण लांबीला काँक्रीटचं अस्तर द्यायचा निर्णय झाला. खर्च आणि वेळ दोन्ही वाढले. निर्णय योग्यच होता. पाणी भरल्यावर ४५ किमीत कुठंतरी छत ढासळलं असतं तर जोहान्सबर्गचा पुरवठा आणि मुएलाची वीज दोन्ही एकदम गेली असती.

दुसरा मुद्दा कोयनेशी थेट जुळणारा. काट्सेचा जलाशय ऑक्टोबर १९९५ मध्ये भरायला लागला आणि थोड्याच दिवसांत छोटे धक्के सुरू झाले. सगळ्यात मोठा ३ रिश्टरच्या आसपासचा. मापेलेंग गावातून सुमारे दीड किलोमीटर लांबीची भेग गेली, घरं तडकली, लोकांना हलवावं लागलं. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप सहाच्या वरचा होता, त्याच्याशी तीव्रतेची तुलना नाही. प्रक्रिया मात्र एकाच जातीची: पाण्याचं वजन आणि भेगांत शिरणारा दाब. उंच धरण पहिल्यांदा भरताना पातळी टप्प्याटप्प्यानं वाढवायची आणि भूकंपमापकांचं जाळं भरण्याच्या बरंच आधी लावायचं, ते यासाठी. आधीची नोंद नसेल तर नंतरचे धक्के जलाशयामुळे आहेत की नाहीत हेच सिद्ध होत नाही, आणि भरपाईचा वाद तिथे अडकतो.

टर्बाइन

गारगोटी यांच्या मुद्द्याला जोडून देखभालीबद्दल. ही साखळी एकेरी आहे, पर्यायी बोगदा नाही. तपासणी करायची तर सगळं बंद. २०१२ आणि २०१९ मध्ये बंद ठेवलं होतं. सगळ्यात मोठा बंद ऑक्टोबर २०२४ पासून सहा महिन्यांचा. मुख्य काम बोगद्यातल्या पोलादी अस्तराचं. जिथे वर खडकाचं आवरण पातळ आहे तिथे आतल्या पाण्याचा दाब काँक्रीट पेलू शकत नाही, म्हणून पोलाद घालतात. ते गंजतं. गंज खरवडून काढायचा, पृष्ठभाग कोरडा ठेवायचा आणि नवा लेप द्यायचा. अरुंद बोगद्यात हवा खेळती आणि कोरडी ठेवणं हेच खरं अवघड. लेपाखाली ओल राहिली तर काही वर्षांत तो सुटतो.

परिणाम तीन. एरवीच्या गतीनं सहा महिन्यांत साधारण ३९० दलघमी पाणी जातं, तेवढं व्हालला मिळालं नाही. मुएला बंद, म्हणजे लेसोथोला वीज शेजाऱ्यांकडून विकत घ्यावी लागली. आणि पाणी न गेल्यानं त्या काळातला बदलत्या रॉयल्टीचा हप्ता आटला, फक्त स्थिर भाग चालू.

व्हाल धरण जानेवारी २०२५ मध्ये चोवीस टक्क्यांच्या आसपास उतरलं आणि जोहान्सबर्गमध्ये घबराट झाली. पण नुसतं व्हाल पाहून चालत नाही. त्याच्या वर स्टर्कफोन्टेनचं राखीव धरण आहे. ते खोल, बाष्पीभवन कमी, म्हणून तिथलं पाणी शेवटपर्यंत राखतात. व्हाल १८ टक्क्यांखाली गेलं तरच ते सोडायचं असा नियम. व्हाल उथळ आणि पसरट, तिथे साठा धरला तर उन्हानं उडतो. त्या वेळी नियमाला चिकटून राहिले, पाऊस झाला आणि व्हाल पुन्हा भरलं.

मुएलाचा हिशेब: काट्सेची पूर्ण पातळी २,०५३ मीटर, मुएलाची १,७७५. फरक २७८. नुकसान वजा करून घनमीटरला साधारण ०.६ युनिट, म्हणजे ७८० दलघमीला ४७ कोटी युनिट. देशाला तेवढं पुरत नाही. हिवाळ्यातली सर्वोच्च मागणी ७२ मेगावॅटच्या दुपटीहून जास्त असते.

वाटसरू७

मासेरू शहराला पिण्याचं पाणीही याच योजनेतून मिळतं ना?

खोरेकर

नाही, हा नेहमी होणारा गैरसमज. मासेरू आणि पश्चिमेचा सखल पट्टा या बोगद्यांच्या वाटेवर नाही. देशातली बहुतेक वस्ती याच पट्ट्यात, आणि तिथेच पाण्याची टंचाई. मासेरूसाठी फुथियात्साना नदीवर मेटोलोंग हे वेगळं धरण बांधलं, वेगळ्या पैशांतून. पाणी निर्यात करणाऱ्या देशाच्या राजधानीला टंचाई, यावर लेसोथोत फार राग आहे, आणि तो रास्त आहे.

काठावरची

रागाचाच विषय निघालाय तर जे लोक या करारात कुठंच सही करणारे नव्हते त्यांच्याबद्दल.

डोंगरातली शेती नदीकाठच्या अरुंद पट्ट्यावर चालते. मका, ज्वारी, वाटाणे. चराई वरच्या कुरणांत. जलाशय भरला की बुडतो तो नेमका काठचा पट्टा, आणि बदल्यात द्यायला तेवढीच चांगली जमीन शिल्लक नसते. म्हणून भरपाई मुख्यतः धान्याच्या रूपात ठरली: बुडालेल्या शेतासाठी ५० वर्षं दरवर्षी मका आणि डाळ, किंवा तितके पैसे. कागदावर नीट दिसतं. बिघाड कुठे होतो? धान्य पोचायला उशीर झाला की पेरणीच्या हंगामातली उपासमार टळत नाही. घरातला कर्ता माणूस वारला की नाव बदलायला महिने जातात. कुटुंब वाढतं, भरपाई वाढत नाही. आणि रानभाज्या, औषधी झाडं, सरपणाची झुडपं यांची मोजणी सुरुवातीला फार ढोबळ झाली. कोयनेच्या धरणग्रस्तांना यातली प्रत्येक ओळ समजेल.

खालच्या बाजूचं तर आणखी वाईट. मूळ करारात काट्सेखाली सेकंदाला ५०० लिटर आणि मोहालेखाली ३०० लिटर एवढंच पाणी सोडायचं बंधन होतं. नदीच्या मानानं हा ओहोळ. मासे गेले, काठची लव्हाळी आणि झाडोरा वाळला. नंतर खालच्या प्रवाहाचा अभ्यास झाला आणि २००० नंतर सोडण्याचं प्रमाण वाढवलं. ऋतूप्रमाणे कमी-जास्त, मधूनमधून छोटा पूर येईल असं. खालच्या गावांनाही भरपाईत धरलं. पण पूर सोडायचा तर धरणाला तेवढ्या क्षमतेचं विमोचक (पाणी सोडायचं दार) आधीच हवं. नंतर भोक पाडता येत नाही. म्हणून हा अभ्यास आराखड्याच्या आधी व्हायला हवा होता.

सीमापार

काठावरची, महत्त्वाचं लिहिलंत. खालच्या बाजूला नामिबियाही आहे, तो १९८६ च्या करारात पक्षकार नव्हता, तेव्हा स्वतंत्रही नव्हता. नोव्हेंबर २००० मध्ये बोट्सवाना, लेसोथो, नामिबिया आणि दक्षिण आफ्रिका यांनी ऑरेंज-सेन्कू आयोग स्थापला. तो सल्लागार स्वरूपाचा, पण नवीन योजनेची आगाऊ सूचना आता त्या टेबलावर द्यावी लागते.

हिशेबनीस

लाचखोरीचं प्रकरण कुणी घेतलं नाही, थोडक्यात मी घेतो. एलएचडीएचे पहिले मुख्य कार्यकारी मासुफा सोले २००२ मध्ये दोषी ठरले. १८ वर्षांची शिक्षा, अपिलात १५. कॅनडाची एकर्स आणि जर्मनीची लाहमायर या सल्लागार कंपन्याही लेसोथोच्या न्यायालयात दोषी ठरल्या आणि जागतिक बँकेनं त्यांना अनुक्रमे २००४ आणि २००६ मध्ये आपल्या कामांतून बाद केलं. पद्धत साधी होती: कंपनी स्थानिक ‘प्रतिनिधी’ नेमे, त्याचं मानधन स्विस खात्यात जाई, तिथून पुढे सरके. सुगावा लागला तो बँकेच्या नोंदी मिळाल्यावर. एवढ्या लहान देशानं मोठ्या परदेशी कंपन्यांना आपल्या न्यायालयात उभं करून शिक्षा दिली, हे आफ्रिकेतच नव्हे तर जगात विरळ आहे. त्याचं श्रेय लेसोथोच्या सरकारी वकिलांना द्यायलाच हवं.

नवखी_वाचक

दुसऱ्या टप्प्याचं काय झालं?

खोरेकर

करार ११ ऑगस्ट २०११ ला झाला, मुख्य बांधकामाचा आरंभ मे २०२३ मध्ये राजे लेत्सिए तिसरे आणि अध्यक्ष रामाफोसा यांच्या हस्ते. बारा वर्षं मधे गेली, आणि तेवढ्यात खर्च कित्येक अब्ज रँडनी वाढला.

पोलिहाली धरण मोखोतलोंग जिल्ह्यात, सेन्कू आणि खुबेलू नद्यांच्या संगमाखाली. मोहालेसारखंच दगडी भराव आणि काँक्रीटचा दर्शनी पडदा, उंची सुमारे १६५ मीटर, साठा २,३२५ दलघमी (८२ टीएमसी). तिथून काट्सेला ३८ किमी बोगदा. वहन ७८० वरून १,२७० दलघमीपर्यंत जाईल. बुडणाऱ्या रस्त्याच्या बदल्यात सेन्कूवर ८२५ मीटर लांब, ९० मीटर उंच पूल बांधला. जलाशय भरण्याआधी पूल तयार हवाच, नाहीतर पलीकडची गावं तुटतात.

पैसे टीसीटीए बाजारातून आणि विकास बँकांकडून उभारते. त्यात ब्रिक्सच्या न्यू डेव्हलपमेंट बँकेचं कर्जही आहे, म्हणजे भागधारक म्हणून भारताचाही अंश त्यात आला. परतफेड व्हालचं पाणी वापरणाऱ्यांच्या पाणीपट्टीतून. इथे माझी खरी काळजी आहे. जोहान्सबर्गमध्ये चाळीस टक्क्यांहून जास्त पाणी गळती, चोरी आणि न मोजलेल्या वापरात जातं. त्या पाण्याची पट्टी येत नाही, कर्जाचा हप्ता मात्र येतो. पोलिहालीचं पाणी पोचेपर्यंत नळांची दुरुस्ती झाली नाही, तर नव्या धरणाचा मोठा वाटा फुटक्या वाहिन्यांतच जाईल.

टर्बाइन

आणि १,२७० दलघमी म्हणजे सरासरी ४० घनमीटर प्रतिसेकंद, ते जाणार त्याच जुन्या काट्से-मुएला बोगद्यातून. मुएलाची जनित्रं त्या आधीच्या प्रवाहासाठी निवडलेली. जास्तीचं पाणी वीजघराला वळसा देऊन सोडावं लागेल. लेसोथोच्या विजेच्या गरजेसाठी ऑक्सबोचा नवा जलविद्युत प्रकल्प दुसऱ्या टप्प्यात घातला आहे.

गारगोटी

ॲश नदीच्या काठाचीही तयारी लागेल. पहिल्या टप्प्यातच त्या छोट्या ओढ्यात बारमाही २५ घनमीटर सोडल्यावर पात्र खरवडून निघालं होतं, काठ कोसळले, मग वेग मारायला बंधारे घालावे लागले. प्रवाह दीडपट होणार असेल तर ते बंधारे आणि काठांचं दगडी पिचिंग पाणी यायच्या आधीच्या कोरड्या महिन्यांत, बोगदा बंद असतानाच तपासून घेता येतं. पाणी सुरू झाल्यावर तिथे यंत्र उतरवता येत नाही.